पाचवा माणूस

जनावरांच्या दवाखान्यात एक माणूस उभ्याउभ्या प्रेमाच्या कादंबऱ्या लिहितो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यात काहीतरी गडबड आहे. असं वाटणारा मी एकटा नव्हतो, अख्ख्या टेंभुर्णीला वाटायचं. फरक एवढाच, की गावानं तो संशय तंबाखूसारखा चघळून थुंकून टाकला. मी गिळला.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर नवाच मास्तर होतो. शाळेच्या कुंपणाला लागून दवाखाना: दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि अंगणात खोडा. खोडा म्हणजे जनावर आत घालून, आवळून उभं करायचा लोखंडी पाइपांचा सांगाडा. त्याच्या आडव्या पाइपांवर एक फळी टाकायची आणि तिच्यावर कागद ठेवून लिहायचं, ही डॉक्टरांची पद्धत. खरं तर ते डॉक्टर नव्हते, पशुधन पर्यवेक्षक होते. पण ढोराला इंजेक्शन देणाऱ्याला आमच्याकडे डॉक्टरच म्हणतात. आत खुर्ची होती, टेबल होतं. तिकडे ते लिहायला बसत नसत.

"बसून लिहिलं की हिरॉइन बी बसून राह्यती," म्हणायचे. "आपण उभं असलं म्हणजे तिला कुठंतरी जावं लागतं."

मला हे पटलं नव्हतं. खोड्यापाशी उभं राहिलं की रस्ता दिसायचा, रस्त्यापलीकडचा हापसा दिसायचा आणि हापशावरच्या बाया दिसायच्या. उभं राहण्याचं कारण हे असणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. एकदा शाळा सुटल्यावर मुद्दाम त्या फळीपाशी जाऊन उभा राहिलो. समोर गाभण गाईंच्या लसीकरणाची पाटी होती आणि ती बरोबर डोळ्यांसमोर यायची. हापसा दिसायला मान पुरी वळवावी लागत होती. तरी माझा संशय गेला नाही. मान वळवायला कितीसा वेळ लागतो, असं वाटलं.

कागद त्यांचे पाठकोरे, औषध कंपन्यांनी वाटलेले. पुढच्या बाजूला जंताच्या औषधाची जाहिरात, मागच्या बाजूला प्रेम. पुण्याच्या प्रकाशकाकडे एकदा कंपोझिटरनं नायिकेच्या विरहानंतर मेंढ्यांचा डोसही जुळवून ठेवला होता म्हणे. हे सांगताना डॉक्टर इतके हसायचे, की खोड्यातली गाय कान टवकारायची. एखादं जनावर फुगून आलं की अर्धं वाक्य तसंच सोडून, फळी काढून ते कामाला लागत. "प्रेम थांबतं. पोटफुगी थांबत न्हाई."

नायिकांची नावं मात्र ते पोरीबाळींची घेत नसत. गाईंची घेत. एक म्हातारा शेतकरी पारावर बसून छाती फुगवून सांगायचा, "आमची मोरणी पुस्तकात हाये. कलेक्टरच्या पोरासंगं लगीन झालं तिचं!" गाव हसायचं. गाईच्या नावावर कुणी कधी आक्षेप घेतला नाही. मी मात्र विचार करायचो, हा माणूस खऱ्या नावांना एवढा का जपतो? काही असल्याशिवाय?

त्यांच्या पुस्तकांचं शुद्धलेखन मी तपासून द्यायचो. म्हणजे गावात त्यांना पूर्ण वाचलेला माणूस मी एकटाच. पुस्तकं वाईट नव्हती. बायका त्यात सुंदर बोलायच्या. पुरुष मात्र ठोंब्यासारखे उभे. नायक यायचा, खिडकीशी थांबायचा, घसा खाकरायचा आणि निघून जायचा. प्रकाशकाचं पत्र प्रत्येक वेळी तेच: तुमचे नायक बोलत का नाहीत?

"कुठून बोलावं, मास्तर?" डॉक्टर मला म्हणायचे. "मी घरोघरी फिरतो. बाप्या बायकोशी बोलताना मी ऐकलंय ते एवढंच, 'पाणी दे' आन् 'कुठं मेल्ती'. ह्याच्यातून काय प्रेम काढू? बायकांचं कळतं. त्या ढोराशी बोलतात, चुलीशी बोलतात, माझ्याशी बी बोलतात. बाप्ये बिलकुल बोलत न्हाईत. तुम्ही तरी बोला."

मी कमीच बोलतो. वर्गात बोलतो तेवढंच.

आता ते पाचव्या माणसाचं सांगतो. आमच्याकडे मुलगी बघायला निघताना माणसं विषम लागतात. तीन चालत नाहीत, पाच बरी. घरची चार ठरली, की जीपच्या टपावर हात मारून कुणीतरी विचारायचं, "पाचवं कोण?" पाचवे डॉक्टर. ते जातीचे नव्हते, नात्याचे नव्हते, कुणाच्या मानपानात नव्हते, म्हणून सगळ्यांना सोयीचे. शिवाय ते बरोबर असले की सोयरीक जमते, असंही पसरलं होतं. ते कधी नाही म्हणत नसत. धुतलेला पांढरा शर्ट दवाखान्यातल्या कपाटात, सिरिंजच्या डब्यावर, तयारच असायचा.

तिथे गेल्यावर पोह्यांची बशी मांडीवर घ्यायचे आणि मुलगी आत जाईपर्यंत एक घास खायचे नाहीत. बघायचे फक्त कप. मुलगी कप देते कसा, मुलगा घेतो कसा. "चेहरा शिकवलेला असतो," म्हणायचे. "कपाला कुणी शिकवीत न्हाई." बाकीचे ठरलेलं विचारायचे: नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, जरा चालून दाखव बाई. सगळ्यांचं झालं की डॉक्टर एकच प्रश्न विचारत.

"घरात तुमची बसायची जागा कोणती?"

मुली गोंधळायच्या. मग सांगायच्या. एक म्हणाली, माळवदावर, शिडीच्या वरच्या पायरीवर. एक म्हणाली, "मी बसतच न्हाई." त्या उत्तरानंतर बरेच दिवस डॉक्टरांची फळी रिकामी होती.

परतताना जीपमध्ये विचारणा व्हायची, "डॉक्टर, कसं काय वाटलं?" ते म्हणायचे, "पोरगी चांगली हाये. पोरगं अजून कच्चं हाये." पोरगं शेजारीच बसलेलं असायचं.

मी एकदा विचारलं होतं, तुम्ही कशाला येता एवढ्या धुळीतून? म्हणाले, "मास्तर, एकमेकांकडं नीट बघायची तेवढीच येळ असती. मंग ते संसाराकडं बघतात."

माझ्या वेळी पाचवे तेच होते. हसनाबादला गेलो होतो: वडील, मामा, चुलतभाऊ, मी आणि ते. मी मान खाली घालून पोह्यांतले शेंगदाणे बाजूला करत होतो. डॉक्टरांनी प्रश्न विचारला. मुलगी म्हणाली, "न्हाणीमागं एक दगड हाये. सकाळचं ऊन पहिल्यांदा तिथं येतं. तिथं बसते."

मी मान वर केली. माझं लग्न त्या दगडावर जमलं म्हणा ना. आणि पुढे याच प्रश्नाची मला शंका आली. परक्याच्या पोरीची बसायची जागा या माणसाला कशाला पाहिजे?

लग्नानंतर आम्ही दवाखान्याच्या मागच्या गल्लीत राहत होतो. डॉक्टर घरी यायचे. आमची एक शेळी होती, सारखी आजारी पडायची. बायको त्यांना भाऊजी म्हणायची. सगळं सरळ होतं. पहिल्याच वर्षी हिला मुदतीचा ताप आला आणि ती माहेरी हसनाबादला गेली. रोज निरोप यायचा, ताप उतरत नाही. मी शाळा सुटली की दवाखान्याच्या पडवीत जाऊन बसायचो, घरी जायला नको वाटायचं.

अशाच एका संध्याकाळी एक अडलेली म्हैस आणली होती. रेडकू आडवं आलं होतं. डॉक्टर खांद्यापर्यंत हात घालून खटपट करत होते, म्हशीचा मालक शेपटी धरून रडकुंडीला आलेला, आणि तिचं मुंडकं धरायला मी.

"मास्तर, तिच्याशी बोलत राहा. तुम्ही गप झाले की ती भेदरून राह्यली."

"काय बोलू?"

"काय बी. पाढे म्हणा."

मी पाढे म्हटले. पाढे संपल्यावरही तिच्या कानाशी काहीबाही बडबडत राहिलो. म्हैस शांत झाली, रेडकू निघालं, जिवंत निघालं. डॉक्टरांनी हात धुताना माझ्याकडे एकदा बघितलं. मी घरी आलो आणि विसरून गेलो. पुढे ही बरी होऊन परत आली.

वर्षभरानं त्यांची नवी कादंबरी आली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ती त्यांनी मला शुद्धलेखनालाही दिली नव्हती. विचारलं तर म्हणाले, "ही छापून आल्यावरच वाचा." आणि पुस्तक आलं तेव्हा ते मला दिलं नाही. मी शाळेत असताना घरी नेऊन हिच्या हातात दिलं.

"भाऊजी म्हणाले, वहिनींसाठी आणलंय," जेवताना तिनं सांगितलं.

"माझ्यासाठी काही नाही?"

"तुम्हाला काय करायचं? तुम्ही चुका काढीत बसताल."

ती हसली. मी पाणी प्यायलो.

ती ते पुस्तक दुपारी वाचायची. मी आलो की धान्याच्या कोठीमागे सरकवून ठेवायची. एकदा ती दळण आणायला गिरणीत गेली आणि मी ते काढलं. सुरुवातीचं सगळं नेहमीसारखंच होतं. मग शेवटाकडे, खिडकीशी उभा राहणारा तो नायक बोलायला लागला. डॉक्टरांच्या पुस्तकात पहिल्यांदा पुरुष बोलत होता, आणि पानभर बोलत होता. म्हणत होता: तू चिडलीस की माझ्याशी बोलत नाहीस, भांड्यांशी बोलतेस, आणि मी बाहेरच्या खोलीत बसून भांड्यांचा हेवा करतो. म्हणत होता: तू झोपेत माझं मनगट धरतेस, नाडी बघितल्यासारखं. मी मग हात हलवत नाही. मुंग्या येतात, तरी हलवत नाही.

मी ते पान पुन्हा वाचलं. ही माझी बायको होती. झोपेत मनगट धरणारी. ते मला माहीत होतं, आणि तिला माहीत असणार. तिसऱ्या माणसाला कसं माहीत? तिनं सांगितलं तर का सांगितलं? आणि सांगितलं नसेल, तर—

पुस्तक होतं तसं कोठीमागे ठेवलं. तेव्हापासून मी दुपारच्या सुट्टीत घरी यायला लागलो. सरळ आत जायचो नाही. आमच्या बाहेरच्या दाराचं एक कवाड कायम उघडं, भिंतीला टेकलेलं असायचं. त्याच्याआड उभा राहायचो. तिथून स्वयंपाकघरातलं ऐकू यायचं. कधी नुसता स्टोव्हचा आवाज. कधी शेजारीण. मग आत जाऊन मोरीतले कप बघायचो. एक ओला की दोन ओले. हे मी किती दिवस केलं ते सांगायला लाज वाटते. दिवस नव्हेत, वर्ष उलटलं.

एकदा त्या दाराआडून डॉक्टरांचं आणि हिचं बोलणं ऐकू आलं. शेळीला औषध पाजून झालं होतं.

"वहिनी, वाचलं का?"

"वाचलं."

"मंग?"

स्टोव्ह बंद झाल्याचा आवाज आला. मग ही म्हणाली, "लई वंगाळ काम केलं तुम्ही भाऊजी," आणि हसली.

ते हसू माझ्या ओळखीचं नव्हतं. माझ्यासमोर ती तशी हसली नव्हती. एवढं मला पुरलं. तिला मी काही विचारलं नाही. डॉक्टरांनाही नाही. विचारलं असतं तर पाच मिनिटांत मिटणारी गोष्ट होती, पण विचारायला तोंड उघडावं लागतं.

तोंड उघडलं ते भलत्या ठिकाणी. शाळेसमोर जीप उभी होती. गावातल्या एका बड्या घरचा पुतण्या मुलगी बघायला निघाला होता. चार माणसं बसली होती, आणि ड्रायव्हरनं टपावर हात मारला, "पाचवं कोण? डॉक्टरला हाक मारा."

मी कुंपणापाशी होतो. म्हणालो, "त्यांना नेऊ नका. ते सोयरीक बघायला येत नाहीत, पोरी बघायला येतात. घरी येऊन पुस्तकात घालतात."

एवढंच. आवाजही चढवला नाही. पण मी मास्तर, कमी बोलणारा, आणि त्यांची सगळी पुस्तकं वाचलेला. ज्यानं शब्द तोलून वापरावेत असा माणूस म्हणून मला मान होता. जीप माझ्या चुलत्यासारख्या एका म्हाताऱ्याला पाचवा घेऊन गेली.

पुढचं सगळं हळूहळू झालं. त्यांना हाका यायच्या बंद झाल्या. पांढरा शर्ट सिरिंजच्या डब्यावर पिवळा पडत चालला. शेतकरी जनावर दवाखान्यात आणायचे, पण डॉक्टरांना गोठ्यावर बोलवायचे नाहीत. बोलावलंच तर आधी बायांना आत घालायचे. ज्या घरांतून त्यांना ताकाचा तांब्या यायचा तिथे ते फाटकापाशी औषधांची पिशवी धरून उभे राहायला लागले. मी हे बघत होतो. मला बरं वाटत होतं, हेही लिहून टाकतो.

मग एके दिवशी शेजारच्या गावचा एक बाप चार माणसं घेऊन दवाखान्यात आला. त्याच्या मुलीची सोयरीक डॉक्टर पाचवे असताना जमली होती, आता लग्न तोंडावर होतं, आणि सासरकडून कुणीतरी विचारलं होतं, तुमची पोरगी पुस्तकात आली म्हणतात ते खरं का? त्यानं खोड्यावरची फळी उचलून रस्त्यावर फेकली. कागद पसरले. मधली सुट्टी होती, आम्ही सगळे कुंपणापाशी.

"माझ्या पोरीला घातलं का पुस्तकात?"

"न्हाई हो," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या गाईचं नाव घातलंय फक्त."

कुणीतरी हसलं, त्यानं तो बाप आणखी पिसाळला. त्यानं डॉक्टरांची कॉलर धरली. तेव्हा डॉक्टरांनी गर्दीत मला शोधलं.

"मास्तर, तुम्ही सगळी पुस्तकं वाचलीत. सांगा ना ह्यांला. कोणाची पोरगी हाये का त्याच्यात?"

सगळे माझ्याकडे वळले. त्या बापानंही हात ढिला केला, मास्तर काय म्हणतात ते ऐकायला. एक "नाही" पुरला असता. आणि ते खरंही होतं. सगळ्या पुस्तकांत मिळून एकच खरी बाई होती, ती माझी.

मी म्हणालो, "घंटा होईल आता," आणि वर्गावर गेलो.

मारहाण झाली नाही. पण त्यांनी स्वतःच अर्ज करून बदली मागून घेतली, तिकडे अंबड तालुक्यात. जाताना आमच्या घरी आले नाहीत. ही म्हणाली, "भाऊजी न भेटता गेल्ते? असं कसं?" मी म्हणालो, गडबडीत असतील. फळी कितीतरी दिवस हापशापाशी पडून होती, बाया तिच्यावर घागरी ठेवायच्या.

गोष्ट इथेच थांबली असती तर आणखी काही वर्षं सुखानं गेली असती. संशय मी विझवला नव्हता, पण त्यावर राख चढली होती. जालन्याला बदली झाली, घर बांधलं, मुलगी मोठी झाली. मागच्या हिवाळ्यात तिला पहिलं स्थळ बघायला आलं. चारच माणसं आली होती. दारात आल्यावर लक्षात आलं, मग गाडीच्या ड्रायव्हरला बूट काढायला लावून पाचवा म्हणून आत बसवलं. मला डॉक्टर आठवले आणि मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

पाहुणे गेल्यावर मुलगी रडवेली झाली होती. आईला म्हणत होती, "हा माणूस बोलतच नाही गं. नुसता बघत होता. असल्याबरोबर आयुष्य काढायचं?"

मी आत जाणार होतो. सवयीनं दाराआड थांबलो.

"तुझे पप्पा तरी कुठं बोलतात?" ही म्हणाली. "मला अख्ख्या जन्मात एक गोड शब्द बोलले न्हाईत. पण त्यांनी मला सांगितलं. हे बघ."

कपाट उघडल्याचा आवाज आला. मी डोकावलो. तेच पुस्तक. कव्हर गेलेलं, दोऱ्यानं शिवलेलं.

"ह्याच्यात सांगितलंय. डॉक्टर भाऊजींकडून लिहून घेतलं त्यांनी."

मला राहवलं नाही. आत गेलो. विचारलं, "मी लिहून घेतलं, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे?" ती लाजली, या वयात. "ते मनगटाचं. मी झोपेत धरते, हे मला सोताला बी माहीत नव्हतं. पुस्तकात वाचलं तवा कळलं. झोपलेल्या माणसाला काय कळतं? मंग तुमच्याशिवाय कोण सांगणार त्यांला?"

वीस वर्षं मी एक गणित मांडून बसलो होतो आणि त्याची पहिलीच ओळ चुकीची होती. तिला माहीत असणार, असं मी धरलं होतं.

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही न्हाई म्हणाले असते. लाजून. मंग माझ्याकडचं बी गेलं असतं."

आणि तिथे उभ्याउभ्या मला म्हैस आठवली. पाढे संपले होते. म्हैस थरथरत होती. हिचा ताप उतरत नव्हता. मी म्हशीच्या कानाला तोंड लावून म्हणत होतो, घाबरू नको, घाबरू नको, ती पण घाबरली की माझं मनगट धरते, झोपेत धरते, मी हात हलवत नाही. भांड्यांचं सांगितलं. दगडाचं सांगितलं. ती गेली तर मी काय करू, हेही विचारलं. मी डॉक्टरांना काही सांगितलंच नव्हतं. मी म्हशीला सांगितलं होतं. डॉक्टर तिच्या पलीकडच्या टोकाला होते.

पोरगी तिच्या खोलीत गेल्यावर मी हिला सगळं सांगितलं. दार, कप, जीप, घंटा. ती ऐकत राहिली. मला वाटलं, डॉक्टरांबद्दल विचारेल.

"म्हणजे मी चहा करून द्यायची," ती म्हणाली, "आन् तुम्ही कप मोजायचे?"

मी मान हलवली.

ती भांडी घासायला गेली. भांड्यांशीही बोलली नाही. ते मी पहिल्यांदाच ऐकलं, तिचं न बोलणं. मग कितीतरी दिवसांनी, मुलीला दुसरं स्थळ आलं, पसंती झाली, सुपारीची बैठक आमच्या घरी ठरली, तेव्हा ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली.

"आपल्या बाजूनं पाचवे भाऊजी पाहिजेत. तुम्ही घालवलं, तुम्ही घेऊन या."

अंबड तालुक्यातच, अंतरवाली सराटीच्या चौकात चहाच्या टपरीवर ते सापडले. निवृत्त होऊन तिथेच एका खोलीत राहत होते. कपाशीची वेचणी चालू होती, चौकात माणूस नव्हता. मला बघून ते उठले नाहीत, पण बाकावर सरकून जागा केली.

"लिहिताय का?"

"लिहितो. आता बसून लिहितो, गुडघे गेले. म्हणून हिरॉइनी बी बसून राह्यल्यात सगळ्या."

मी म्हणालो, "डॉक्टर, जीपपाशी ते मीच बोललो होतो."

"माहिती हाये. ड्रायव्हरनं त्याच सांजेला सांगितलं."

"माहीत होतं? मग त्या दिवशी गर्दीत मलाच का विचारलं?"

"म्हणूनच तर विचारलं."

टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला. मला कप उचलता येईना, कारण ते माझ्या हाताकडे बघत होते. शेवटी तेच म्हणाले, "वहिनींनी बोलावलंय?"

"हो."

"मंग येतो. तुम्ही बोलावलं असतं तर न्हाई आलो असतो."

सुपारीला ते पांढरा शर्ट घालून आले. कोपऱ्यात बसले, पोह्यांची बशी मांडीवर, हात न लावता. देण्याघेण्याचं बोलणं झालं, तारखांचं झालं. मग ते नवऱ्या मुलाकडे वळले.

"जावईबापू, घरात तुमची बसायची जागा कोणती?"

मुलगा बावरला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसणार. "सोफ्यावर," म्हणाला. "टीव्हीसमोर." बैठकीत हशा पिकला. मुलगीही तोंडाला पदर लावून हसली, आणि त्या मुलानं तिच्याकडे बघितलं, जरा नीटच.

"आन् मास्तर, तुमची?" डॉक्टरांनी विचारलं. "तुम्हाला कधी विचारायचंच राह्यलं."

पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात ही चहाचा ट्रे घेऊन आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली,

"ह्यांची? दाराआड."

पुन्हा हशा. पाहुण्यांना वाटलं, लाजाळू नवऱ्याची थट्टा चालली आहे. मीही हसलो. ती एकेकाला कप देत माझ्यापर्यंत आली. कप माझ्या हातात दिला, बशी स्थिर होती, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी तो घेताना तिरका झाला, थोडा चहा सांडला. तिनं पदरानं माझं मनगट पुसलं, पटकन, कर्तव्य केल्यासारखं, आणि पुढच्या माणसाकडे वळली.

कोपऱ्यातून डॉक्टर बघत होते. मग त्यांनी पोह्यांचा पहिला घास घेतला.